ढाल्या जेवत नाही

डोंबिवली,
ता. ३ ऑगस्ट १९५७

चि. शालू हीस परशुरामदादाचे अ. उ. आ.

वि. वि. आम्ही सर्व खुशाल आहोत, तुझी खुशाली कळवत जा. लावणी उरकली. तुझी बायजावहिनी म्हणते, शालूबायनं मला लिहायला शिकवलं, आता मला चिखलात उभी करू नका. तूच शिकवलंस, आता तूच तिला समजाव.

पत्र लिहायचं कारण तुझा ढाल्या. विहिरीतला गाळ काढायला घेतला आहे, म्हणून त्याला वर काढून पडवीत लोखंडी टपात ठेवला. चार दिवस झाले, तोंडाला काही लावत नाय. भात दिला, भाकरी कुस्करून दिली, तुझी शपथसुद्धा घातली. मान आत ओढून बसतो. पाणी साफ ठेवील म्हणून बाबांनी हे कासव विहिरीत सोडलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. काठावर बसून त्याच्याशी गप्पा मारायचीस. माझं तो ऐकत नाय. घरात बी. ए. एकच, तेव्हा पुस्तकात बघून उपाय कळव. बाबा गेले, आता त्यांच्या हातचं जिवंत असं हेच. त्याला काही झालं तर तुझ्यासमोर उभं राहायला मला तोंड नाय.

प्रकृतीला जप. घरची आठवण राहू दे.

तुझा,
परशुराम

*

टेंभी नाका, ठाणे,
ता. ७ ऑगस्ट १९५७

ती. दादास शालूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून शाळेत दिवसभर लक्ष लागलं नाही. कासवाला भाकरी? दादा, तो काय भावकीतला पाहुणा आहे?

पुस्तकात फारसं सापडलं नाही. संध्याकाळी बायकांना अक्षरओळख शिकवते, त्या वर्गात सगुणा म्हणून कोळीण येते. बाजारात तिच्या पाटीशी गेले आणि तिला विचारलं. ती म्हणाली, मास्तरीणबाय, कासवाला जिवंत खाणं लागतं, वळवळलं की त्याची भूक जागी होते. तेव्हा नीट वाच. गांडुळं दे, ओढ्यातली बारीक कोळंबी दे. टपातलं पाणी रोज बदल. आत एक सपाट दगड ठेव, म्हणजे तो वर चढून बसेल. ऊन पडेल तेव्हा टप तासभर उन्हात ने, पण अर्ध्यावर सावली असू दे. सारखा हात लावू नकोस. खाणं टाकून लांब हो. कोणी बघत असलं की तो लाजतो, हे तुला माहीत आहे.

वैशाखात विहिरीच्या कठड्याच्या अर्जासाठी म्हणून माझी कोऱ्या कागदावर सही नेली होतीस, त्याचं काय झालं? झाला का कठडा? वर्गात मी बायकांना रोज बजावते, वाचून घेतल्याशिवाय अंगठासुद्धा उठवू नका. आणि स्वतः मात्र कोऱ्या कागदावर सही करून मोकळी. दुसरा कोणी असता तर त्याला हाकलला असता. तुझ्या बाबतीत असं मनात आणायचं म्हटलं तरी हसू येतं.

ढाल्याचं रोज कळव, कार्डावर दोन ओळी पुरेत. माया आहे ती तशीच असू दे.

तुझी,
शालू

*

डोंबिवली,
ता. १३ ऑगस्ट १९५७

चि. शालू हीस अ. उ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. गांडुळं खणून मीच आणली. बायजा हसली, बाबा आजारी होते तेव्हा एवढी धावपळ केली नव्हतीत म्हणाली. दगड ठेवला, ऊन दाखवलं. कोळंबी टाकून दाराआड उभा राहिलो. ढाल्या हलला नाय. पाठीची कड हाताला नरम लागते. रात्री टपात खडखड ऐकू येते, कडेला नखं घासतो.

गाळाचं काम लांबलं आहे. पाणी हटत नाय. तू मात्र येऊ नकोस. पावसात वाट खराब आहे, शाळा बुडवू नको. आणखी काही उपाय असला तर लगेच लिही.

दादाचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नको.

परशुराम

*

टेंभी नाका, ठाणे,
ता. १७ ऑगस्ट १९५७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. एक गोष्ट मनात बसत नाही. श्रावणात गाळ कोण काढतं? बाबा वैशाखात काढायचे, पाणी गुडघ्याएवढं झालं की. आत्ता विहीर काठोकाठ असेल. तुला हे मी सांगावं?

दादा, विहिरीत काही घडलं आहे का? कोणाचं जनावर पडलं, की कोणी काही टाकलं, की त्याहून वाईट? मी घाबरेन म्हणून तू लपवत असशील. तुझा तो स्वभाव मला माहीत आहे. माझी फी थकली तेव्हासुद्धा तू मला कळू दिलं नव्हतंस. पण आता मी लहान नाही. विहीर चांगली असेल तर आजच ढाल्याला तिच्यात सोड. त्याला औषध नको, त्याचं घर हवं आहे. रविवारी, पंचवीस तारखेला, मी येते.

बायजावहिनी, तुझ्या हातच्या दोन ओळी मला हव्यात. चुका झाल्या तरी चालतील.

काळजी वाटते म्हणून टोचून लिहिलं. राग धरू नये.

तुझी,
शालू

*

डोंबिवली,
ता. २१ ऑगस्ट

शालूबायला बायजाचा नमस्कार.

हे मी चोरून लिवते. ते बाजारात गेलेत.

विहीर नाय. जेठात बुजवली. दगडमातीचे ट्रक आले नि दोन दिसात सपाट केली. विहिरीकडचं शेत इकलं. मुंबईची माणसं चाळी बांधणार हायेत. नव्या कायद्यानं बहिणीचा पण हिस्सा असतो, म्हनून त्यांना तुजी सही पायजे होती. तू कोऱ्या कागदावर केली, त्याच्यावर लिवलं का शालूला हिस्सा नको. मला ते मागाहून कळलं. मी बोलली तर म्हनले, तिच्या कालेजात तिचा हिस्सा गेला, नि तिला विचारलं तर ती विहिरीला हात लावू देनार नाय.

ट्रक उभा होता तवा ढाल्याला मी पदरात घेऊन वर आनला. चार दिस नाय, दोन महिने झाले, तो जेवत नाय. हे रोज टपापाशी बसतात. एकदा मी डोले पुसताना बघितले. पन तुला सांगू देत नाय.

मला माप कर. पानी आता लांबून आनते.

बायजा

*

टेंभी नाका, ठाणे,
ता. २ सप्टेंबर १९५७

ती. दादास नमस्कार.

पंचवीस तारखेला, रविवारी, मी येऊन गेले. येणार हे तुला माहीत होतं, तरी तू नेमका कल्याणला गेलास. टप रिकामा दिसला असेल. ढाल्याला मी नेलं.

विहिरीच्या जागी जाऊन उभी राहिले. नीट ओळखूही येईना. वहिनीनं बोट दाखवलं तेव्हा कळलं की मी तिच्यावरच उभी आहे.

शेत विकलंस, त्याचं दुःख आहे, पण ते मला समजतं. मुलीला कॉलेजात कशाला घालतोस म्हणून भावकी हसत होती, तेव्हा तू एकटा माझ्या बाजूला होतास. माझ्या शिक्षणापायी काय काय गेलं, ते मी जाणते. समोर बसून मागितलं असतंस तर विहिरीसाठी तीन दिवस भांडले असते, रडले असते, आणि चौथ्या दिवशी सगळा मजकूर वाचून सही केली असती. तू मला तेवढं भांडूसुद्धा दिलं नाहीस. भांडता येईल इतकं शिकवलंस, आणि वेळ आली तेव्हा माझी फक्त सही नेलीस.

त्याहून लागलं ते पुढचं. विहीर बुजवून दोन महिने झाल्यावर तू मला उपाय विचारलेस. मी बाजारात सगुणाच्या पाटीशी उभी राहून गांडुळांची चौकशी करत होते, आणि तू मनात काय म्हणत होतास? तू खरंच कासवासाठी रडलास, असं वहिनी म्हणते. मला ते खरं वाटतं. म्हणूनच तुझ्यावर धड रागावताही येत नाही, आणि तुझ्यावर विश्वासही बसत नाही.

वर्गात मी कोऱ्या सहीची गोष्ट सांगितली. बायकांनी विचारलं, फसवणारा कोण होता? मी म्हटलं, एक तलाठी. भाऊ हा शब्द तोंडातून निघाला नाही. बायकांशी मी पहिल्यांदा खोटं बोलले.

कोर्टकचेरी करणार नाही. पण यापुढे माझी सही हवी असेल तर तू स्वतः यायचं, लिहिलेला कागद माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचा. आणि वहिनीला एका शब्दानं बोलायचं नाही. तिनं जे केलं ते मी शिकवलेल्या अक्षरांनी केलं. दर पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं नाही, तर मी दारात येऊन उभी राहीन.

ढाल्याला एका विहिरीत सोडलं. दोन दिवस तो तळाशीच होता. तिसऱ्या दिवशी वर आला आणि कोळंबी तोंडात धरून खाली गेला. मी ते पाहिलं. विहीर कुठली, कोणाच्या अंगणातली, हे मी तुला सांगणार नाही.

शालू