निवडून उरलेली ताई

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असालच. फोन न उचलणारी माणसं सहसा खुशालच असतात. भावोजींच्या गुडघ्याला आराम पडो. अभिनंदन! तुझी निवड झाली आहे.

घरमालकाने बाबांची खोली रिकामी करून मागितली, हे तुला कळवलंच होतं. मी आणि धाकट्याने ठरवलं की बाबांनी दोघांकडे पंधरा-पंधरा दिवस राहून बघावं. 'मग कायमचं घर तुम्हीच निवडा,' असं मी बोलून गेलो. (शब्दकोशाच्या छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसासमोर शब्द जपून वापरावा, ही अक्कल मला पन्नाशीतही आली नाही.) बाबांनी चष्मा पुसला आणि सुरू झाले. पसंत हा शब्द फारसीतला, त्यात मनाची हौस असते. निवडणं मात्र ताटातल्या धान्याचं. निवडणारी बाई चांगला दाणा शोधत बसत नाही, खडे काढून टाकते; उरेल ते निवडलेलं. मी मान डोलावली. तिथेच फसलो.

महिनाभर ते कोशाच्या शिस्तीने कार्डं लिहीत होते. धाकट्याचं कार्ड: 'टीव्ही तीन, माणसं दोन, ऐकणारं कुणी नाही. बाद.' माझं: 'सून उत्तम. मुलगा वर्तमानपत्र आधी स्वतः वाचतो आणि वर मलाच बातम्या सांगतो. बाद.' तुझ्याकडे ते कधी एक रात्रही राहिलेले नाहीत, त्यामुळे तुझ्या कार्डावर लिहायला काही सापडेना. कोरं कार्ड म्हणजे निर्दोष! इतक्या वर्षांत बापाला एकदाही बोलावलं नाहीस, त्या पुण्याईचं हे फळ. आज सकाळीच त्यांना गाडीत बसवून दिलं. हे पत्र मिळेपर्यंत ते तुझ्या घरी स्थिरावलेले असतील. (आधी कळवलं असतं तर तुला बाहेरगावी जायला वेळ मिळाला असता.)

तुझा,
बाद झालेला भाऊ

ता. क. रक्तदाबाची गोळी सकाळी, न चुकता. ते बोलत असताना मध्ये बोलू नये. ते बोलतच असतात.

आणखी ता. क. आज दुपारी जेवताना मी दोन वाक्यं चुकीची बोललो आणि कुणी दुरुस्त केली नाहीत. घर खायला उठलंय गं. तुझं आणि बाबांचं महिन्याभरात वाजेलच. तेव्हा त्यांना धाकट्याकडे धाडू नकोस. मला फोन कर, मी न्यायला येतो.