केस काळे करणारी मुळी

थोरल्या ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझ्या गुडघ्यांना उतार पडला का? दाजींचा खोकला कसा आहे? माझी प्रकृती उत्तम (म्हणजे आता).

तर फाँग मावशीनं माझ्यासाठी स्थळ आणलं. नदीपलीकडच्या लेउंगबाई, वय बावन्न, यजमान जाऊन सहा वर्षं झाली, स्वतःची संत्र्यांची बाग. एकट्यानं जेवून जेवून मी कंटाळलोय ताई, खरंच सांगतो, म्हणून लगेच हो म्हटलं. भेट पंधरा दिवसांवर आणि माझं डोकं पांढरंफटक! चाळीस वर्षं केस काळे करणारी मुळी विकणाऱ्याचं हे डोकं. (गिऱ्हाइकं तोंडावर काही विचारत नाहीत, इतकी आपल्या गावची माणसं सभ्य.)

म्हटलं, आपल्याच दुकानातली हो-शौ-वूची मुळी घेऊ. ती काळ्या सोयाबीनच्या रसात भिजवून नऊ वेळा वाफवायची, नऊ वेळा वाळवायची, तेव्हा कुठे केसांना लागू पडते. कच्ची राहिली तर नुसतं पोट साफ करते. हे मी रोज दहा जणांना बजावतो. पण नऊ फेऱ्यांना महिना लागतो आणि नवरदेवाला घाई. दोन फेऱ्यांतच उतरवली, वर कसर भरून काढायला दुप्पट खाल्ली. पुढचं मोठ्या बहिणीला काय लिहायचं? तीन दिवस दुकान बंद होतं. मावशी दाराबाहेरून विचारत होती, "अहो वैद्यबुवा, बाईंना काय कळवू, नवरदेव कुठे बसलेत म्हणून?" भेट आठवडाभर पुढे गेली.

शेवटी गुपचूप न्हाव्याकडे गेलो. केस काळेभोर झाले, पण मेल्यानं कपाळही रंगवलं. म्हणून टोपी कान झाकून भुवयांपर्यंत ओढून भेटीला गेलो आणि चहा संपेपर्यंत काढली नाही. बाई माझ्या पांढऱ्या भुवया न्याहाळत म्हणाल्या, "याआधी तिघं पाहिले. तिघांनीही केस रंगवलेले आणि तिघंही वय चोरत होते. तुमच्या तर दुकानातच औषध, तरी तुम्ही आहात तसे आलात. मला खोटा माणूस नको हो. माझा होकार समजा." मला तिथेच सांगायचं होतं ताई, शपथ. पण त्यांनी संत्रं सोलून फोड माझ्या हातात ठेवली होती.

लग्न येत्या एकोणीस तारखेला आहे. दोघांनी नक्की यावं.

तुझा,
कायमान

ता. क. : तू वीस वर्षं केस रंगवायचं दुकान चालवलंस. पुष्कळांचे पांढऱ्याचे काळे केलेस. काळ्याचे पांढरे करता येतात का? उलट टपाली कळव.

ता. क. दुसरा : येत नसतील, तर तू दोन दिवस आधी ये आणि बाईंना खरं काय ते सांगून टाक. मी शेजारच्या खोलीत असेन.