वाळूच्या दांड्याची वाट

प्रिय भाऊ,

तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर चार वाक्यं धड बोललो नाही, आणि आता पत्र लिहायला बसलोय. अक्षर वाकडं आहे, पण गिरवून घेतलंत ते तुम्हीच, तेव्हा तक्रार करायची नाही! परवा रेवस बंदरावर तुमची शोकसभा आहे. काल तुमचा मुलगा वसंता घरी आला आणि म्हणाला, "धाकूकाका, कंपनी बुडायला आली तेव्हा तुम्ही कसे धावून आलात ते सांगा." मी हो म्हटलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून सभेआधी तुम्हाला सांगतो.

कंपनी म्हणजे काय, तर एक लाँच, एक तिकिटाची खिडकी आणि तुमचा आवाज! त्या लाँचचा मी नऊ वर्षं सारंग होतो. रेवसहून मुंबईला, भाऊच्या धक्क्याला माणसं न्यायची आणि आणायची. सुकाणू माझ्या हाती असलं की तुम्ही खुशाल पेपर वाचत बसायचात.

त्या वर्षी, पावसाळ्यात बंद ठेवलेली आपली लाँच याच वाटेवरच्या मोठ्या कंपनीच्या आधी सुटली पाहिजे, असं तुम्ही मनात घेतलंत. नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. मी म्हटलं, "भाऊ, नारळ पडल्याबिगर मी लाँच काढनार न्हाय." तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हा देवभोळेपणा घरी ठेव. उद्यापासून येऊ नकोस."

का हो, एकदा तरी विचारायचं होतंत! खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तो सरकतो. पौर्णिमेपर्यंत मी रोज होडी घेऊन जायचो, बांबूनं तळ चाचपायचो आणि नवी वाट ठरवायचो. त्यात देव होता, पण बांबूही होता.

तुम्ही काढलंत तरी सवय जाते कुठे? दुसऱ्या दिवशी मी गेलोच. दांडा भलताच सरकला होता. टेकडीवरच्या देवळाचा कळस आणि किनाऱ्यावरचा वड एका रेषेत धरून आपण जायचो, ती वाट आता थेट वाळूवर जात होती.

त्याच संध्याकाळी तुमचा नवा सारंग गणपत माझ्या दारात आला. दापोलीकडचा, गरीब माणूस. म्हणाला, "दादा, वाट जुनीच हाय ना?" मी म्हटलं, "भाऊंना इचार. त्यांना सगला ठाव हाय." तो गेला. माझी बायको मथुरा म्हणाली, "त्याला असा कशाला सांगला?" मी तिच्यावरच खेकसलो.

तिसऱ्या दिवशी लाँच दांड्यावर चढली. ओहोटी लागली आणि ती कलंडली. होड्या घालून माणसं काढली, जीव कुणाचा गेला नाही. गावात एकच बोलणं, नारळाआधी गेले म्हणून समुद्र कोपला! समुद्र कोपला नव्हता, भाऊ. कोपलो होतो मी.

गणपतला तुम्ही तिथल्या तिथे घरी पाठवलंत. त्यानं माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नसेल?

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लाँच दुरुस्त होऊन पुन्हा रेवसच्या धक्क्याला लागली. तुम्ही तीनदा घंटा वाजवलीत. धक्का माणसांनी भरलेला, आणि लाँचमध्ये चिटपाखरू नाही! तुमचा चेहरा मला बघवला नाही. मथुरेला आणि दोन्ही पोरींना घेऊन मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. मथुरा मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या असलेल्या बायांना ओरडली, "अगो, बसा! माझ्या पोरी काय मला जड झाल्यात?" मग बाया बसल्या आणि त्यांच्या मागून सगळेच आले. तुम्ही म्हणालात, "धाकू, तिथं काय बसलास? सुकाणू धर." मी धरलं आणि नव्या वाटेनं लाँच नेली.

त्याला तुम्ही इमान म्हणालात. येईल त्याला सांगत सुटलात, की काढलेला माणूस बायकापोरांसकट येऊन बसला! ते खोटं नव्हतं. माया होतीच, अजून आहे. पण अर्धा मी मायेनं बसलो होतो आणि अर्धा अपराधाच्या टोचणीनं. दर वर्षी ठरवायचो, यंदा सांगू. तुम्ही पाठीवर थाप मारायचात आणि तोंडातलं तोंडातच राहायचं. एकदा तरी माझ्याकडे नीट बघायचं होतंत. की तुम्हाला ठाऊक होतं?

परवा मी उभा राहीन. बाकावर बसल्याची गोष्ट सांगेन, पण आधी त्या संध्याकाळची सांगेन, गणपतचं नाव घेऊन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मग दापोलीकडे जाईन. तो भेटला तर त्याच्या दारात उभा राहीन. चहा दिला तर घेईन, हाकललं तर माघारी येईन.

आणि भाऊ, माझा बांबू मी तिकिटाच्या खिडकीशी उभा करून ठेवलाय. तुमच्या लाँचचा असो की मोठ्या कंपनीचा, जो सारंग वाट विचारील त्याला होडीत घालून दांडा दाखवीन. 'भाऊंना इचार' असं पुन्हा कुणाला म्हणणार नाही. आता विचारायला भाऊ आहेत कुठे?

तुम्ही काढलेला आणि तुम्हीच परत बोलावलेला,
धाकू सारंग