काळं इंजिन मळवताना

मंगळवार, ८ मार्च २०११
सकाळी पाऊस. दुपारी बसने बर्नलीला जाऊन बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणला. जेवण – टोस्टवर बीन्स. चारला क्लिफर्ड एन्टविसल येऊन गेला. मॉडेल-रेल्वे क्लबचा सेक्रेटरी. बूट न काढता सरळ माळ्यावर. अ‍ॅव्हिसच्या टेबलावर तिचं इंजिन अर्धं उघडून पडलं आहे, बायको वारली त्या नोव्हेंबरपासून तसंच. ते बघून त्याने जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं.
"नऊ एप्रिलला प्रदर्शन. रीत ठाऊक आहे ना, रेमंड?"
ठाऊक आहे. मेंबर गेला की त्याचा देखावा – रूळ, स्टेशन, पूल, डोंगर सगळं – चॅपलच्या हॉलमध्ये शेवटचा मांडायचा. त्यावर त्याचंच इंजिन धावणार, बटण घरच्या माणसाने फिरवायचं. संध्याकाळी देखावा सुटा करून मेंबरांनी वाटून घ्यायचा. इंजिन धावल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा काढायचा नाही. अ‍ॅव्हिसने तिघांचे देखावे असे सुटे केले. त्या रात्री जेवायला उतरायची नाही.
"चॅपलची मागची खोली तिच्या देखाव्याने चार महिने अडून राहिलीये," क्लिफर्ड म्हणाला. "इंजिन दे इकडे, मी आठवड्यात करून टाकतो."
नको म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे! चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या. ती वर माळ्यावर, मी खाली रेडिओपाशी – असा आमचा संसार. इंजिन कधी हातात धरलं नाही.

गुरुवार, १० मार्च
तिच्या डब्या उघडल्या. चौतीस. प्रत्येकीवर चिठ्ठी. ‘इतर’. ‘इतर – २’. ‘इतर, बारीक’. एकीवर ‘हे नव्हे’. हे नव्हे म्हणजे काय नव्हे? माझ्या दुकानात कुणी अशा चिठ्ठ्या लावल्या असत्या तर माणसं मेली असती.

शनिवार, १२ मार्च
स्प्रिंग उडाली. दीड तास गालिच्यावर गुडघे टेकून. नाही.

रविवार, १३ मार्च
स्प्रिंग सपातेत सापडली. पाय घातल्यावर.

गुरुवार, १७ मार्च
क्लबात गेलो. जायला नको होतं.
इंजिन बासष्ट सालचं. तिच्या दहाव्या वाढदिवसाला वडिलांनी दिलेलं – खरं तर भावाला आणलेलं, त्याने हात लावला नाही. जुनी मोटर अंगठ्याएवढी, आवाज शिवणयंत्राचा. चाकांच्या कडा इतक्या जाड की आताच्या रुळांवर खडखडत जातं. तिला नवी मोटर, नवी चाकं घालायची होती आणि शेवटी खऱ्यासारखं मळवायचं होतं – काजळी, गंज, पाण्याचे पांढरे ओघळ. त्यासाठी एका खऱ्या इंजिनाचा फोटो तिने टेबलासमोर टाचून ठेवला होता. तो घेऊन गेलो.
क्लबातल्या नॉर्मन टॅटरसॉलने भिंग काढलं. "हा फोटो सदुसष्टचा. देखाव्यातला काळ सहासष्टचा."
"मग?"
"मग एक वर्षाचा मळ जास्त होईल ना!"
क्लिफर्ड म्हणाला, सहासष्टला पण इंजिनं अशीच घाणेरडी होती. नॉर्मन म्हणाला, तू तेव्हा सात वर्षांचा होतास, तुझं नाकसुद्धा घाणेरडं होतं. मग काजळी काळी की तपकिरी यावर चाळीस मिनिटं. चहा गार. शेवटी मी विचारलं, "पण हे मुळात खेळणंच ना?"
नॉर्मनने कप खाली ठेवला. "खेळणं?"
त्यानंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. बिस्किटांची बशीही दुसरीकडून फिरली.

मंगळवार, २२ मार्च
नवी मोटर बसली! चाकं बसली! माळ्यावर चाचणीसाठी तिने गोल रूळ ठेवलेला आहे. त्यावर ठेवलं, बटण पुढे फिरवलं – इंजिन मागे गेलं आणि रुळावरून घसरलं. टेबलाच्या कडेवरून कसंबसं धरलं. तारा उलट्या जोडल्या होत्या. पुन्हा सगळं उघडा. स्क्रू आठ. परत घालताना सात.

शनिवार, २६ मार्च
आता रंग. तिच्या माहितीपुस्तकात पहिली पायरी: इंजिन स्पिरिटने पुसून घ्या, हाताचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. पुसलं. कापूस पिवळा झाला. केराच्या टोपलीत टाकला. थोड्या वेळाने काढला. परत टाकला. काय करणार होतो त्याचं!

मंगळवार, २९ मार्च
तपकिरी रंग पातळ करून सगळीकडे लावायचा, वाळायच्या आत पुसायचा, खाचांमध्ये राहील तो मळ. सोपं आहे म्हणे. केलं. बरं दिसलं. क्लिफर्ड आला. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
"रेमंड, तुमच्या गल्लीत पाऊस आडवा पडतो का?"
मी आडवं पुसलं होतं. वरून खाली पुसायला हवं होतं. ओघळ खाली येतात. एवढं कळायला हवं होतं. पण मला कुणी सांगावं तर आधी सांगावं! झाल्यावर सांगणारे सगळेच शहाणे.
सगळं धुतलं. निम्मा जुना काळा रंगही गेला.

शुक्रवार, १ एप्रिल
दुसऱ्यांदा केलं. वरून खाली. वर काजळीची पूड लावली, चाकांशी गंजाची. खरंच छान दिसत होतं, माझ्याच हातचं असूनही. पूड टिकावी म्हणून वरून व्हार्निशचा फवारा मारला. डोळ्यांदेखत पूड नाहीशी! ओल्या रस्त्यावर बर्फ पडावा तशी. क्लिफर्डला फोन केला.
"हो, व्हार्निश पूड खातं," तो म्हणाला. "सगळ्यांना माहितीये. दुप्पट लावायची असते."
सगळ्यांना! मी फोन आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. मग परत करून माफी मागितली. तो म्हणाला, अ‍ॅव्हिसने पहिल्या वर्षी तीनदा आपटला होता.
हे मला माहीत नव्हतं. वरून ती कधी ओरडली नाही. जेवायला उतरायची तेव्हा विचारायचो, कसं चाललंय? म्हणायची, छान.

रविवार, ३ एप्रिल
तिसऱ्यांदा. सकाळी चर्चच्या घंटेपासून चारपर्यंत. धुराड्याभोवती काजळी, दुप्पट. खाली रुळांची तपकिरी धूळ. शिटीजवळ पांढरा ओघळ, एकच केस असलेल्या ब्रशने. श्वास धरावा लागतो. श्वास धरला की दुसरं काही मनात येत नाही, हे आज कळलं. दुपारचं जेवण राहिलं ते लक्षातही आलं नाही.
मान आखडली आहे. डोळे चुरचुरतात. एकतीस वर्षं ती इथे बसायची, आणि मी तिला कधी साधी पाठीची उशी आणून दिली नाही.

बुधवार, ६ एप्रिल
क्लिफर्ड चाचणीला आला. या वेळी बूट दाराशी काढले. माळ्यावरच्या गोल रुळावर इंजिन अकरा फेऱ्या धावलं. आवाज नाही, खडखड नाही. तो वाकून, डोळा रुळाच्या पातळीला आणून बघत होता.
"नॉर्मनला दाखवू नकोस," शेवटी म्हणाला. "रडेल."
जाताना खिशातून कागद काढला. यादी केली होती. पूल नॉर्मनला. स्टेशन क्लिफर्डला. डोंगर आणि बोगदा क्लबच्या मुलांच्या रुळासाठी. "शनिवारी सहाला सुरू करू. सात स्क्रू आणि चार खिट्ट्या. अर्ध्या तासात मोकळं. तुला काय ठेवायचंय ते आधी सांग."
बघून सांगतो म्हटलं.
तो गेल्यावर चॅपलात गेलो. किल्ली शेजारच्या बेकरीत असते. मागच्या खोलीत चादरीखाली देखावा. चादर काढली. फलाटावर बोटाच्या पेराएवढी माणसं उभी आहेत. एका बाकावर एक म्हातारा पेपर वाचतो. चादर परत घातली.

गुरुवार, ७ एप्रिल
सकाळी क्लिफर्डला फोन केला. म्हटलं, मोटर जळली. काल रात्री. धूर आला.
मी खोटं बोलत नाही. दुकानात चाळीस वर्षांत एकदाही नाही. आज बोललो, आणि आवाज नीट निघाला.
मागे त्याच्या बायकोचा रेडिओ चालू होता.
मग म्हणाला, "होतं असं. या मोटारी अशाच. ऑक्टोबरच्या प्रदर्शनाला बघू."
"पण नॉर्मनला ती मागची खोली हवी होती."
"नॉर्मनला मी बघतो."
फोन ठेवला. कचऱ्याचा डबा फाटकाबाहेर नेऊन ठेवला. उद्या शुक्रवार, कचऱ्याची गाडी येते.