हाताला भाजलं नाहीये, मावशी

अगं, नाहीच भाजलं! फोटोत माझ्या हातांवर पट्ट्या दिसल्या म्हणून मला बारा मेसेज, आणि वर आईला फोन, की पोरगी काहीतरी लपवतेय? उल्कामावशी, तुला नमस्कार (गुडघा बरा आहे ना? जिने कमी चढ), पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तर, मेंदी. ओजिमात, म्हणजे मी राहते त्या वस्तीत, शेजारच्या अक्षयाकडे हळदीकुंकू होतं, तिने मला कोपरापर्यंत रंगवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून समुद्रकाठच्या या गावी आले. योकोहामाचे परदेशी व्यापारी पूर्वी उन्हाळ्यात इथे राहायचे. रशियन बेकरीवाला, चिनी शिंपी, सिंधी रेशीमवाले. आता बेकरीत करी भरलेले पाव मिळतात (आपल्या वड्याची सर नाही), शिंप्याच्या जागी कोन्बिनी (चोवीस तास उघडं दुकान), आणि सिंध्यांच्या बंगल्यात गरम झऱ्याचं स्नानगृह. तिथे गोंदवलेल्यांना बंदी! काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, हा पाला असतो, वाटून लावतात, पंधरा दिवसांत जातो. त्यांनी अतिशय नम्रपणे वाकून कातडीच्या रंगाच्या चौदा पट्ट्या पुढे केल्या. तोच तू पाहिलेला फोटो.

मग अंगावर चिंधी नाही (इथे तसंच उतरतात, आईला सांगू नकोस), पाणी चटका बसेल असं, आणि पट्ट्या सुटून एकेक करत पुऱ्यांसारख्या वर तरंगायला लागल्या. सगळ्या बायका काठाकडे सरकल्या. मी पळणार, एवढ्यात नाकागावा-सान नावाच्या पंचाऐंशीच्या आजी आल्या, त्यांनी माझा हात धरून पार नाकाशी नेला. "गोंदण कसलं! मी लहान असताना ह्याच घरातल्या बाईंचे हात असे व्हायचे. घरात लग्न असलं की." मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे कोणाचं?"

दिलं मी काहीतरी उत्तर. झालं, एवढंच.

तुझी,
चारुता

ता. क. हळदीकुंकू नव्हतं.

ता. क. २. "माझं," म्हणाले. पंधरा बायका पाण्याला नाक लागेस्तोवर वाकल्या. मावशी, मला रडूच आलं. आईच्या आधी परक्यांना कळलं गं. तिला तू सांग ना, बसवून, चहा देऊन. फक्त नोंदणी झालीये, बाकी लग्न तिला हवं तसं करू दे.

ता. क. ३. मुलगा त्सुकुबाचा पुष्कर. हो, तोच. दोन वर्षांपूर्वी तू आणलेलं स्थळ, ज्याला मी चार पानी नकार लिहिला होता. 'मी म्हटलं नव्हतं?' हे तू म्हणायच्या आत पत्र पेटीत टाकते. गाडी आली, पुष्कर (सोबतच आलाय) माझ्यासाठी दार अडवून उभा आहे (इथे असं कोणी करत नाही), सगळा डबा बघतोय. पळते!