तुवाचा दोर कोणाच्या हाती द्यावा

चाकाची खुर्ची थेट खोगिराच्या उंचीला नेणारा लाकडी उतार. पुढे धरायला कडी असलेले खोगीर. बोटे न वळणाऱ्यांसाठी आडव्या पट्ट्या शिवलेला लगाम. हे सर्व मी कोणाकडे न शिकता, स्वतःच्या हातांनी केले. तो मी, आर्नफिन लोत्सबर्ग, वय छप्पन्न, राहणार हेलेदाल, नॉर्वे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. डॉक्टर पुढच्या हिवाळ्याचा विषय टाळतात, म्हणून आजच.

घर आणि बँकेतली शिल्लक भाऊ शेल याला. मी उतार बांधत असताना "घोडीला ओटा बांधतोस, आता तिला कॉफीपण पाज," असे तो चारचौघांत म्हणाला होता. विसरलेलो नाही, तरी घर त्याचेच. रंधा मात्र त्याला देऊ नये, गंजवेल. हत्यारे तबेल्यातच राहावीत. उताराच्या फळ्या दर वसंतात तपासाव्या लागतात.

माझी घोडी तुवा, अपंगांना रपेट घडवणाऱ्या आमच्या गुरुवारच्या मंडळाला. अट एकच. तिने पाऊल टाकायचे ते पाठीवरच्या माणसाने सांगितल्यावर. दोर धरणाऱ्याने ओढायचे नाही. मंडळात येणाऱ्या मारितला बोलता येत नव्हते. आयाळीवर तळहात टेकवणे ही तिची खूण. तो हात तिथवर पोचेपर्यंत आम्ही सारे बर्फात उभे.

"आर्नफिन, गारठली रे माझी पोर! ओढ ना जरा," तिची आई योरुन कुंपणापासून ओरडायची.

"थांब गं. निघतेय ती."

आणि निघायची.

मारित फेब्रुवारीत गेली. अजूनही खरारा करताना आयाळीवर कोणाचा तळहात टेकला की तुवा चालू लागते. ही सवय कोणी मोडू नये.

खालच्या दोन्ही साक्षीदारांना यातले काही मिळायचे नाही. योरुनला साक्षीला बोलावले नाही ते त्याचसाठी. तिला मी तुवाचा दोर देत आहे: गुरुवारी घोडी तिने धरावी. त्याआधी एकदा तिला एकटीला तुवाजवळ सोडावे आणि आयाळीवर हात ठेवायला सांगावे.

दफनानंतर ती तबेल्यात आली होती. "मला विक तुवा. तिच्यावर आता दुसरं कुणी बसायला नको."

"बाकीची मुलं येतात गं गुरुवारी."

"तुझं काय गेलं रे?" म्हणाली. त्यानंतर आमचे बोलणे नाही.

तुवासाठी देऊ केलेली, मी नाकारलेली रक्कम, मारितच्या नव्या खुर्चीसाठी तिने साठवलेली, सगळी: नव्वद हजार क्रोनर.

हेलेदाल, ३ सप्टेंबर २०१८
सही: आर्नफिन लोत्सबर्ग
आमच्या समक्ष: टोरलेफ एइकोस, ग्रो नेस्तेबी