शनीवर टाकलेला गमछा

मेहकर. कार्तिक, शुक्रवार, दिवेलागणीनंतर

उद्या शांताला हृदयाच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला न्यायचं. त्यात शनिवार. सकाळीच म्हणाली, "आज तरी दुर्बीण राहू द्या जी. आपुन शनीले पाह्यलं का तो बी आपल्याले पाह्यते."

मी हसलो. शाळेतल्या कवितांमधले ग्रह-तारे किती सोज्वळ होते! त्यांतला एकही कधी उलटून बघत नसे.

तरी परसात गेलोच. मन कुठेतरी गुंतवायचं होतं. भिंगाला मोबाइल टेकवून शनीचा फोटो काढला. फोकस चुकलेला. कडी नाहीच, पांढरं वर्तुळ आणि मधोमध काळं बुबुळ. ती दुर्बिणीतल्याच छोट्या आरशाची सावली, हे मी कितीजणांना समजावलंय. आज स्वतःला समजावता येईना. बुबुळच ते. फोटो पुसला आणि दुर्बिणीच्या तोंडावर गुपचूप माझा गमछा टाकला.

आत आलो. खिडक्या बंद. शांता भिंतीकडे तोंड करून पडलेली. डोळे न उघडताच म्हणाली, "बरं केलं झाकलं त्याले. कवाचा पाहून राह्यला होता."

आता गाढ झोपली आहे. मी तिचा श्वास ऐकत बसलोय.

बाहेर वारा सुटलाय. गमछ्याला गाठ मारायची राहिली.